मुळ्याचा पाला आणि माझी सही

"कॅन्सर मारायला काय लागतं, ताई? मी दर सोमवारी मारतो. चहाच्या आधी."

हे मी ताईच्या घरी, तिच्या शिलाई मशीनशेजारच्या स्टुलावर बसून, तिच्या बायोप्सीचा रिपोर्ट हातात धरून म्हणालो. धीर द्यायला म्हणालो. आवाजही असा काढला, की मशीनवर दोरा ओवणारी ताई थांबली आणि भाऊजींनी रेडिओ बारीक केला.

खरी गोष्ट अशी, की आमच्या लॅबमध्ये कॅन्सरच्या पेशी कशानेही मरतात. मी तिथे टेक्निशियन आहे. प्लास्टिकच्या चपट्या डिशमध्ये नारिंगी पाणी असतं, त्यात या पेशी वाढवायच्या, खाऊपिऊ घालायचं, आणि चांगल्या गुटगुटीत झाल्या की त्यांच्यावर काहीतरी ओतायचं. एकदा कुणाच्या तरी हातून गार चहा सांडला, मेल्या. एकदा फिनेलचा थेंब उडाला, मेल्या. एकदा मी नुसता शिंकलो, तर दोन दिवसांनी मेल्या. डिशमधला कॅन्सर फार नाजूक तब्येतीचा असतो. माणसातला नसतो. एवढं शेवटचं वाक्य मी त्या दिवशी गिळलं.

"मग सर्जन कशाला कापायचं म्हणतोय?" ताईने विचारलं.

"त्याचा धंदाच आहे तो," भाऊजी म्हणाले. भाऊजी पोस्टात काउंटरवर असतात. समोरच्याला परत पाठवणं हा त्यांचा धंदा.

"ऑपरेशन करायचंच, ताई," मी घाईघाईने म्हणालो. "गाठ लहान आहे. पसरलेली नाही. सर्जन म्हणाले ना, वेळेवर काढली तर सगळं नीट होईल."

ताईने दोरा पुन्हा ओवायला घेतला. आमची आई अशाच एका ऑपरेशनच्या टेबलावर गेली होती आणि तिथून परत आली नव्हती. त्यात गाठ छातीत, डाव्या बाजूला. डावा हात वर उचलता आला नाही तर कापड कोण सरकवणार, हे तिने सर्जनला तीनदा विचारलं होतं आणि त्याने तीनदा "बघू" म्हटलं होतं. याच मशीनवर शाळांचे गणवेश शिवून तिने मला शिकवलं. वडील नव्हते, आई आजारी. सही कशी करायची हेसुद्धा तिनेच शिकवलं, खडूने, कापडाच्या चिंधीवर. "शेवटी रेघ ओढ. रेघ ओढली की माणूस शब्दाला बांधला जातो."

ऑपरेशनची तारीख पंधरा दिवसांनंतरची मिळाली.

आता आमच्या सरांबद्दल. त्यांना लॅबमध्ये सगळे पाठीमागे 'उद्या सर' म्हणतात. "उद्या आपलं नाव जगभर होणार," हे ते रोज म्हणतात, म्हणून. त्या वर्षी त्यांनी मुळ्याचा पाला धरला होता. पाल्यात जे झोंबरं द्रव्य असतं ते कॅन्सरच्या पेशीला आत्महत्या करायला लावतं, असं त्यांचं म्हणणं. कल्पना अगदीच हवेतली नव्हती. भाज्यांमधल्या अशा द्रव्यांवर बरेच लोक काम करतात, आणि डिशमध्ये कधीकधी पेशी खरंच शहाण्यासारख्या स्वतःहून मरतात. पुढे माणसात काय होतं, ते शोधायला कितीतरी वर्षं लागतात. पण उद्या सरांना उद्याच हवं होतं.

प्रयोग सोपा. डिशच्या दोन ओळी. एका ओळीत पाल्याचा रस, दुसरीत नुसतं पाणी. पाण्याच्या ओळीला आम्ही 'साध्या' म्हणतो. रसाच्या मेल्या आणि साध्या जगल्या, तर रसाने मारल्या. दोन्ही मेल्या, तर मारणारा दुसराच कुणीतरी.

शुक्रवारी संध्याकाळी मी दोन्ही ओळी इनक्युबेटरमध्ये ठेवल्या. इनक्युबेटर म्हणजे पेशींचं उबदार कपाट. त्याला शेजारच्या सिलिंडरमधून सतत थोडा गॅस लागतो. गॅस तुटला, की डिशमधलं नारिंगी पाणी हळूहळू भडक गुलाबी होतं आणि पेशी माना टाकतात. म्हणून सिलिंडरच्या गळ्यात एक कार्ड अडकवलेलं असतं: तारीख, काटा किती, तपासणाऱ्याची सही. रोज तपासायचं. शनिवार-रविवारीसुद्धा.

शनिवार-रविवारी कोण येतं? मी शुक्रवारीच सोमवारपर्यंतच्या सह्या ठोकून ठेवतो. तीन वेगवेगळ्या पेनांनी. काम चोख असावं.

गॅस संपला तर कपाट किंचाळतं, हे खरं. पण त्या किंचाळण्याने चौकीदाराची दुपारची झोप मोडायची, म्हणून त्याने भोंग्यावर जाडजूड चिकटपट्टी मारली होती. त्याचंही काम चोख.

सोमवारी सकाळी मी दार उघडलं, तर आत सगळं गुलाबी. लग्नाच्या मांडवासारखं गुलाबी. सिलिंडरचा काटा शून्यावर. रसाच्या डिशमधल्या पेशी मेलेल्या, साध्यांमधल्याही मेलेल्या, सरसकट.

बाहेर बुटांचा आवाज. उद्या सर. मी काय केलं असेल? साध्या डिश उचलल्या आणि ब्लीचच्या बादलीत बुडवल्या. सगळ्या.

"काय झालं?" सर दारात.

"सर, साध्यांना बुरशी लागली होती. टाकून दिल्या."

"आणि रसाच्या?"

"रसाच्या... मेल्या."

सरांनी डिश मायक्रोस्कोपखाली घेतली. डोळा लावला. बराच वेळ काढला नाही. मग हळूच म्हणाले, "सगळ्या?"

"सगळ्या."

"एकही नाही राहिली?"

"नाही, सर."

सरांनी माझा हात हातात घेतला. बावीस वर्षांत पहिल्यांदा. "साध्यांचे मागच्या आठवड्याचे आकडे वापरू," ते म्हणाले. "त्या जगल्या होत्या ना? मग झालं तर."

त्याच वेळी तोंड उघडायला हवं होतं. मी हात सोडवून घेतला आणि चहा टाकायला गेलो.

गुरुवारी पेपरात बातमी आली. सरांचा फोटो, हातात डिश, डिश गुलाबी. 'मुळ्याचा पाला पिऊन कॅन्सरची आत्महत्या!' वार्ताहर मुलगी हुशार होती, पण गुलाबी रंग तिला फारच आवडला. खाली बारीक अक्षरात माझंही नाव. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

ताईने ते कापून मशीनवर चिकटवलं. मग सर्जनच्या दवाखान्यात फोन केला आणि ऑपरेशन रद्द केलं.

हे मला भाऊजींकडून कळलं. मी पोचलो तेव्हा ते मिक्सरमध्ये पाला कोंबत होते. सगळ्या घराला असा वास, की खिडकीतली मांजर जागा सोडून गेली होती.

"या, शास्त्रज्ञ!" भाऊजी म्हणाले. "तुमच्यामुळे माझ्या दाढीलासुद्धा मुळ्याचा वास मारतो. काउंटरवर लोक दोन हात लांब उभे राहतात."

"ताई, हे काय चालवलंयस? ऑपरेशन..."

"सकाळी एक पेला, संध्याकाळी एक पेला," ताई म्हणाली. तिने नाक दाबलं, पेला तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला. डोळ्यांत पाणी आलं. पदराने तोंड पुसून ती हसली. "माझ्या भावाने शोधलंय. कापून घ्यायला मी काय कापड आहे?"

इतकं खूश मी तिला कधी पाहिलं नव्हतं. म्हणून गप्प बसलो. तो दिवस गप्प बसलो, मग आठवडा गप्प बसलो, मग पंधरा दिवस. पाचावर धारण बसली होती, दुसरं काही नाही. खरं बोललो तर नोकरी जाणार होती. त्याहून वाईट म्हणजे ताईच्या मशीनवरचं ते कात्रण जाणार होतं.

शेजारपाजारचे येऊन मला बघून जायला लागले. एका बाईंनी गुडघेदुखीला मुळा चालेल का विचारलं. भाऊजी म्हणाले, "चालेल, पण गुडघा डिशमध्ये ठेवावा लागेल." सगळे हसले. मीही हसलो. शरम वाटायला हवी होती. वाटलीही, पण हसू आधी आलं.

महिन्याभराने ताईने गाठीवर बोट ठेवून विचारलं, "मरताना गाठ आधी फुगते का रे?"

त्या दिवशी मात्र मी तिच्यासमोर जमिनीवरच बसलो आणि सगळं सांगून टाकलं. गॅस, कार्ड, तीन पेनं, ब्लीचची बादली. ताई ऐकत होती. मशीनचं चाक हाताने सावकाश फिरवत होती.

"झालं सांगून?" ती म्हणाली.

"झालं."

"तुला त्या सर्जनने पाठवलंय."

"ताई!"

"नाहीतर काय? पहिला नंबर आला होता तेव्हाही घरी येऊन रडलास, की बाईंचं मोजायला चुकलं. तुझ्या हातून चांगलं काही झालं की तुझ्या पोटात दुखतं. लहानपणापासून."

"अगं, तेव्हा बाईंचं खरंच मोजायला चुकलं होतं!"

"बघा," ताई भाऊजींना म्हणाली. "अजून तेच."

भाऊजी मिक्सरचं झाकण हातात धरून नुसते उभे राहिले. मग प्रथमच, चेष्टा न करता, त्यांनी मला विचारलं, "खरं सांगतोस?"

"खरं."

ते ताईकडे वळले. "ऐक त्याचं. निदान एकदा दाखवून तरी ये."

ताईने कात्रणाकडे बघितलं. मग तिने तिच्या पद्धतीने निकाल दिला. "शिवण चुकलीय असं वाटलं की मी काय करते? उसवते आणि परत शिवते. तूही परत कर. रसाच्या जगल्या, तर मी स्वतःच्या पायांनी चालत जाऊन त्या टेबलावर झोपते. मेल्या, तर पुन्हा माझ्यापुढे ऑपरेशनचं नाव काढायचं नाही. कबूल?"

"कबूल." मी इतक्या जोरात म्हणालो, की सुटल्यासारखं वाटलं. गॅस चालू असला की त्या पेशी कशा वाढतात ते मला माहीत होतं. मुळ्याच्या रसाला त्या ढेकरही देणार नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी उद्या सरांच्या खोलीत गेलो आणि तेच सगळं पुन्हा सांगितलं. सरांनी शांतपणे ड्रॉवर उघडला आणि कार्ड काढून माझ्यापुढे ठेवलं.

"ही सही कुणाची?"

"माझी, सर. पण ती मी शुक्रवारीच..."

"शनिवार, काटा व्यवस्थित, सही. रविवार, काटा व्यवस्थित, सही. सोमवार. शाईसुद्धा वेगवेगळी." ते कौतुकाने बघत होते. "असं कार्ड मी आजवर पाहिलेलं नाही. तुम्हाला ताण आलाय. बहीण आजारी आहे ना?"

"सर, प्रयोग परत करू या. एवढंच म्हणतोय."

"करू की! परत केला की दुप्पट सिद्ध होतं. या शुक्रवारी लावा."

शुक्रवारी मी नवा सिलिंडर आणवला. भोंग्यावरची चिकटपट्टी नखाने खरवडून काढली. खाली भोंगाच नव्हता, चौकीदाराने तो केव्हाच काढून ठेवला होता. असो. डिशच्या दोन्ही ओळी लावल्या, प्रत्येक डिश दोनदा मोजली. सिलिंडर जोडला, नळी आवळली. कार्ड अडकवलं आणि हात आपोआप चालला: शुक्रवार, शनिवार, रविवार. सह्या, शेवटी रेघ. मग व्हॉल्व्ह उघडायची किल्ली उचलली, तेवढ्यात फोन.

"ताई पडली," भाऊजी म्हणाले. "बाथरूममध्ये. ये लवकर."

मी धावलो.

पडली होती ती मुळ्याने. महिनाभर रोज दोन पेले पिऊन तिचं पोट बिघडलं होतं आणि अंगातलं पाणी गेलं होतं. हॉस्पिटलमध्ये सलाईन लावलं. शनिवारी तोच सर्जन वॉर्डमध्ये आला. मला वाटलं होतं, झापेल. झापलं नाही. गाठ तपासली, नवे फोटो पाहिले, खुर्ची ओढून ताईशेजारी बसला.

"मोठी झालीये," तो म्हणाला. "पण अजून वेळ गेलेली नाही. मंगळवारी सकाळी आठला एक जागा रिकामी आहे. आणखी महिना घालवलात, तर मग मला काही सांगता येणार नाही. आणि हाताचं म्हणाल, तर व्यायाम केलात की मशीन चालवाल. हे मी मागेच नीट सांगायला हवं होतं."

तो गेल्यावर ताई बराच वेळ डावा हात वर-खाली करत राहिली.

"माणूस बरा आहे," ती म्हणाली.

"मग? मंगळवार?"

"सोमवारचा निकाल येऊ दे. शब्द दिलाय." मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "तुझ्या पेशी जगू देत बाबा. कधी वाटलं नव्हतं, मी असं काही मागेन."

भाऊजी खिडकीकडे तोंड करून उभे होते. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "या वॉर्डात फार धूळ आहे."

रविवारी दुपारी ताईला उशीची खोळ बांधायला सेफ्टीपिन हवी होती. मी खिशात हात घातला. हाताला लागली ती किल्ली. सिलिंडरची.

लॅबपर्यंत मी कसा पोचलो ते सांगता येणार नाही. जिन्यातच हसण्याचे आवाज आले. उद्या सरांना सोमवारपर्यंत दम निघाला नव्हता. ते आले होते आणि वार्ताहर मुलीलाही घेऊन आले होते. इनक्युबेटरचं दार सताड उघडं. आत गुलाबी.

"सगळ्या मेल्या!" सर ओरडले. "एकूण एक!"

"सर, साध्या कुठायत?" मला धाप लागली होती. साध्याही मेलेल्या असणार होत्या. तेवढ्या दाखवल्या की झालं. "साध्या डिश, सर! साध्या दाखवा यांना!"

"त्यांना परत बुरशी लागली होती," सर म्हणाले आणि ब्लीचच्या बादलीकडे बोट दाखवलं. बादलीत डिश तरंगत होत्या. सरांनी माझ्याकडे सरळ बघितलं. पापणीही हलली नाही. "मागे तुम्ही टाकल्या होत्या ना, तशाच टाकल्या."

मी किल्ली वर धरली. "व्हॉल्व्ह उघडलेलाच नाही. ही बघा किल्ली. माझ्या खिशात होती, शुक्रवारपासून."

मुलीने किल्लीकडे पाहिलं, मग सरांकडे. सरांनी कार्ड काढून तिच्या हातात दिलं. "फार प्रामाणिक माणूस आहे," ते हलक्या आवाजात म्हणाले. "बहीण हॉस्पिटलमध्ये आहे. मनावर परिणाम होतो." मुलीने मान हलवली आणि कार्डाचा फोटो काढला.

सोमवारच्या पेपरात तो फोटो पहिल्या पानावर होता. 'दुसऱ्यांदा सिद्ध!' आणि खाली, 'अहोरात्र पहारा: रविवारीही हजर असलेल्या तंत्रज्ञाची सही.'

मी वॉर्डात गेलो तेव्हा ताईच्या मांडीवर पेपर उघडा होता. ती चष्मा लावून कार्डाचा फोटो बघत होती. मी तिच्यापुढे किल्ली ठेवली. सगळं सांगितलं. नवा सिलिंडर, ती पडल्याचा फोन, खिसा, बादली.

"रविवारी दुपारपर्यंत मी इथे होतो ना, ताई? तुझ्याजवळ? मग तिथे कुठून सही करणार?"

ताईने किल्लीला हातही लावला नाही. फोटोतल्या सहीवर बोट फिरवलं.

"रेघ ओढलीयस," ती म्हणाली.

"ताई, पाया पडतो तुझ्या."

"ही सही मी शिकवली तुला. हिच्यावर नाही तर कशावर विश्वास ठेवू? शब्द म्हणजे शब्द. तूही कबूल म्हणाला होतास."

भाऊजींनी पेपर हिसकावून घेतला आणि फाडला. त्यांना असं काही करताना मी कधी पाहिलं नव्हतं. ताईने शेजारच्या बाईचा मागून घेतला.

सर्जन आला, त्याने समजावलं, आवाज चढवला, शेवटी हात टेकले. "तुम्हीच का ते?" त्याने मला विचारलं. मी हो म्हणालो. त्याने फाइल मिटली. ताईने स्वतःच्या इच्छेने घरी जात असल्याचा कागद मागवला आणि सही केली. खाली रेघ ओढली.

मंगळवारी सकाळी आठ वाजता त्या जागेवर दुसऱ्या एका बाईंचं ऑपरेशन झालं. ताई घरी होती. बातमीमुळे बाजारातला मुळा सकाळीच संपला होता. भाऊजी गाजराचा पाला घेऊन आले.